नदीकाठच्या कुरणाचं भाडं

मर्व्हच्या शेतावर भाड्याने द्यायची पाच कुरणं आहेत आणि पाचांचं भाडं वेगवेगळं. टेकडीवरच्या कुरणाला एका घोड्यामागे आठवड्याला वीस डॉलर, कारण तिथे गवतापेक्षा दगड जास्त. नदीकाठच्याला पंचेचाळीस. उरलेली तीन मधल्या भावाची. माझं तट्टू डॅम्पर पाच वर्षं टेकडीवर चरलं आणि पाच वर्षं मी तिथून खाली नदीकडे बघत राहिले. त्यामुळे या वसंतात, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियातल्या सप्टेंबरात, मला काय हवं होतं हे कुणी विचारायची गरजच नव्हती. मला नदीकाठचं कुरण हवं होतं.

खरं सांगायचं तर आधी इतकं नको होतं. तिथे ग्लेनिसची म्हातारी घोडी असायची, आणि दात पडलेल्या घोडीचा हेवा कोण करणार? पण मार्चमध्ये ग्लेनिस क्वीन्सलंडला मुलीकडे राहायला गेली आणि त्या कुरणात सास्किया आली.

सास्किया माझ्याच वर्गात आहे. तिचे बाबा गावातले नवे दंतवैद्य. तिचे बूट चिखलातून चालूनही चकचकीत राहतात, ते कसं हे मला अजून कळलेलं नाही. तिच्या घोड्याचं नाव विंडसर. शर्यतीतून काढून टाकलेला, उंच, लांब मानेचा. आला तेव्हा त्याच्या बरगड्या दुरूनही मोजता यायच्या. सहा महिन्यांत नदीकाठच्या गवताने तो असा भरला की त्याच्या पाठीवरून ऊन घसरायला लागलं. आणि माझा डॅम्पर वर दगडांमधून एकेक काडी शोधत बसलेला. मी कुंपणाला टेकून विंडसरचे घास मोजायचे. एकदा शंभरपर्यंत मोजले, मग माझाच मला राग आला आणि मी पुन्हा एकपासून सुरू केलं.

सगळ्यात वाईट म्हणजे सास्किया चांगली वागायची. "हाय, टॅम! डॅम्पर कसा आहे?" रोज. अशा मुलीचा नीट द्वेषही करता येत नाही, सारखी मेहनत घ्यावी लागते.

मर्व्हकडे कुरणं निवडायची एक पद्धत आहे. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, सगळे भाडेकरू त्यांच्या पत्र्याच्या गोठ्यात जमतात. तिथल्या फळ्यावर आमची नावं आहेत, जो आधी आला त्याचं वर. त्याच क्रमाने एकेकाने कुरण निवडायचं. जुन्याला पहिला मान, पण भाडं परवडलं पाहिजे. मार्चमध्ये ग्लेनिसचं नाव पुसल्यावर पहिलं नाव माझं झालं, आणि मला सगळ्यांसमोर "टेकडी" म्हणावं लागलं. पंचेचाळीस कुठून आणणार? नदीकाठचं मग कुणीच घेतलं नाही आणि सगळ्यात नव्या मुलीच्या झोळीत पडलं.

पण सप्टेंबरपर्यंत दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, मला मासे-चिप्सच्या दुकानात शुक्रवार-शनिवारची नोकरी लागली. दोन, मी शाळेच्या वादविवाद संघात शिरले आणि मला शोध लागला की मी बोलायला लागले की लोक गप्प बसतात. पंधराव्या वर्षी असा शोध लागणं फार धोक्याचं.

त्या रविवारी गोठ्यात आम्ही पाच जण होतो. दोन गाढवं पाळणारी डॉट खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आली होती. मर्व्ह खडू घेऊन फळ्यापाशी उभे. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर तीच टोपी, जी बहुतेक त्यांच्या आधी जन्मली असावी.

"टॅम्सिन ह्यूएट. पहिला मान तुझा. टेकडीच ना?" खडू त्यांनी टेकडीच्या रकान्याकडे नेलासुद्धा.

"नदीकाठचं," मी म्हणाले.

खडू हवेतच राहिला.

"काय गं, लॉटरी लागली की काय?" डॉट म्हणाली.

"नोकरी लागली. मासे तळते."

"वासावरून वाटलंच मला."

मर्व्हनी टोपी मागे सारली. "पोरी, ते गवत हडकुळ्या घोड्यांसाठी आहे. तुझा डॅम्पर म्हणजे चार पायांवरचं पिंप. त्याला टेकडीच बरी."

"म्हणजे आमच्या तट्टाला दगडच बरे?"

"असं म्हणालो का मी?"

"मर्व्ह, नियम कुणाचा? तुमचाच ना? जुना आधी निवडणार, भाडं भरत असेल तर. मी सगळ्यांत जुनी. भाडं भरतेय. यात डॅम्परच्या पोटाचा घेर कुठे आला?"

सगळे गप्प बसले. बघा, म्हटलं ना.

"नियम म्हणजे नियम," शेवटी मर्व्ह म्हणाले. "पण ऐक. सकाळी दोन तास सोडायचं, मग बाहेर काढून इथे गोठ्यामागच्या आवारात आणायचं. पोनी क्लबात शिकवलंय ना?"

"हो."

शिकवलं होतंच. आमच्याकडे सात वर्षांच्या पोरांनाही ते पाठ असतं. वसंतातलं कोवळं गवत साखरेने भरलेलं असतं आणि जाड्या तट्टांना ती साखर सोसत नाही, ती खुरांत उतरते. खुराच्या आत सूज येते, आतलं हाड जागचं हलतं. हाड फार हललं तर त्या तट्टाला कायमचं झोपवण्याशिवाय इलाज राहत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही, हाच तर त्रास आहे.

बाकीच्यांनी आपापली जुनीच कुरणं घेतली. शेवटचं नाव सास्कियाचं. मर्व्हनी तिला विचारलंही नाही, नुसतं टेकडीच्या रकान्यात 'विंडसर' लिहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. तिचे कान लालभडक झाले. ते बघून मला इतका आनंद झाला की मी लागोपाठ दोन लॅमिंग्टन खाल्ले.

गाडीत आई म्हणाली, "पंचेचाळीस, टॅम? दर आठवड्याला?"

"माझे पैसे आहेत."

"तुझेच आहेत. पण तुला गवत हवंय की त्या मुलीचं पडलेलं तोंड बघायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले. आई हसली नाही.

सोमवारी मी डॅम्परला खाली आणलं. डॅम्पर म्हणजे आमच्याकडचा राखेत भाजलेला पाव, आणि याचा रंग अगदी तसाच, म्हणून तर हे नाव. त्या हिरव्यागार गवतात तो पोटापर्यंत बुडाला आणि असा काही चरायला लागला की जणू कुणी येऊन हिसकावून नेणार आहे. मी फाटकावर बसून बघत होते. आयुष्यात मला इतकं श्रीमंत कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सास्किया आली. हातात कागदी पिशवी.

"डॅम्परसाठी," ती म्हणाली.

आत मुसकं होतं. नवंकोरं, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. तोंडावर बांधायचं, खाली एक लहानसं भोक असतं, त्यातून घोड्याला एकेक पातं खाता येतं, बकाणा भरता येत नाही.

"आधीच्या गावी आमच्याकडे एक शेटलंड तट्टू होतं," ती म्हणाली. "त्याला याने फरक पडला होता. घातलंस तर दिवसभर सोडता येईल बघ."

"थँक्स," मी म्हणाले. मनात म्हणाले, कुरण गेलं तरी गवतावरचा जीव काही जात नाही तुझा! आता माझ्या तट्टाचं तोंडही बांधणार?

मुसकं मी आवाराच्या खिळ्याला अडकवलं आणि तिथेच राहू दिलं.

पहिले नऊ दिवस मी शहाण्यासारखी वागले. सहा वाजता सायकलवर, घरटं राखणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांनी झेपावून डोक्याला टोचू नये म्हणून हेल्मेटला प्लॅस्टिकचे काटे लावलेले. दोन तास डॅम्परला सोडायचं, मग आवारात घालून बस पकडायची. दहाव्या दिवशी, बसमध्ये, मी हिशेब केला. दिवसाला दोन तास म्हणजे आठवड्याला चौदा. पंचेचाळीस भागिले चौदा. माझं तट्टू तासाला तीन डॉलरांहून महाग गवत खात होतं! आणि उरलेले बावीस तास ते गवत कुणासाठी उभं होतं? कांगारूंसाठी. त्यांच्याकडून मर्व्ह काही भाडं घेत नाहीत. सास्कियाच्या घोड्याला मात्र त्याच पंचेचाळीसात दिवसाचे चोवीस तास मिळाले होते, सहा महिने. माझ्या पैशांत काय कमी होतं?

गुरुवारी मी डॅम्परला बाहेर काढलंच नाही.

संध्याकाळी तो मजेत होता. शुक्रवारीही. शुक्रवार-शनिवार मी दुकानात बटाटे कापत होते आणि तो खात होता. वर टेकडीवरून सास्कियाला तो दिसत असणार, दिवसभर, पोटापर्यंत हिरव्यात. दिसू दे, मी म्हणायचे. मर्व्ह गुरुवारीच मेलबर्नला बहिणीकडे गेले होते, त्यामुळे बोलणारं कुणी नव्हतं. आणि त्या तिन्ही दिवशी पहाटे दहिवर गोठत होतं. थंडीने गवतातली साखर आणखी वाढते, हेसुद्धा मला माहीत होतं.

रविवारी सकाळी मी फाटकावरून हाक मारली आणि डॅम्पर आला नाही.

तो कुरणाच्या मधोमध उभा होता. पुढचे पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागे, जणू बर्फावर घसरू नये म्हणून धडपडतोय. मी जवळ गेले. त्याच्या पुढच्या खुरांना हात लावला तर ते तव्यासारखे तापले होते. घोट्याच्या मागे शीर थडथडत होती. मी दाव्याला हलकेच ओढ दिली, त्याने एक पाऊल टाकलं आणि तो कण्हला. घोडे असे कण्हत नाहीत. मी पाच वर्षांत त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता.

माझं तोंड, ज्याने लोक गप्प बसतात, ते त्या क्षणी बंद पडलं. मला एवढंच सुचलं की टेकडीकडे बघून किंचाळायचं.

"सास्किया!"

ती वर होतीच. गवताचा भारा उचलत होती. उतार ती धावत उतरली, कुंपणाच्या तारेखालून सरपटत आली आणि काही न विचारता तिने त्याचे खूर चाचपले.

"किती वेळ होता हा आत?"

"गुरुवारपासून."

"मुसकं न घालता?"

मी मान हलवली.

"का?" तिचा आवाज चढला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. "मी आणून दिलं होतं, टॅम! का नाही घातलंस?"

"कारण ते तू दिलं होतंस," मी म्हणाले.

मला वाटलं आता कानाखाली वाजवणार. वाजवली असती तर बरं झालं असतं.

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. "एक नंबरची. घोड्यांच्या डॉक्टरांना फोन कर. मी आईला ट्रेलर घेऊन बोलावते, याला आता चालवायचं नाही. आणि बर्फ लागेल. कुठे मिळेल बर्फ?"

बर्फ कुठे मिळतो ते मला माहीत होतं. माझ्या मालकाने रविवारी दुकान उघडून सहा पोती बर्फ दिला. बर्फाला मासळीचा असा वास होता की डॅम्परने नाक मुरडलं, पण गोठ्यामागच्या आवारात वाळूवर त्याला उभं करून आम्ही दोघींनी त्याचे पाय बर्फाच्या घमेल्यांत घातले, तेव्हा तो पहिल्यांदा जरा सैल झाला.

डॉक्टरांनी खुरांचे एक्स-रे काढले आणि कॉम्प्युटरवर माझ्या आईला दाखवले. हाड हललं होतं. थोडंसंच.

"आणखी एक दिवस गेला असता तर मी वेगळं काही सांगत असते," त्या म्हणाल्या. "तीन दिवस बर्फ. मग महिने न् महिने याच आवारात. हिरवं पातंसुद्धा नको, भिजवून साखर काढलेलं वाळलं गवत फक्त. तरी वाचेलच असं मी वचन देत नाही."

आईने बिल भरलं. मला तिच्याशी भांडायचं होतं, पण भांडायला काही दिलंच नाही तिने.

सोमवारी मर्व्ह परत आले. आवारात येऊन त्यांनी वाकून डॅम्परचे खूर चाचपले. मग म्हणाले, "आवाराचे आठवड्याला पंधरा. पाणी धरून."

"आणि नदीकाठचं?"

"ते मार्चपर्यंत तुझं. नियम आहे. तू तिथे बटाटे लाव, मला काय."

म्हणजे रिकाम्या कुरणाचे पंचेचाळीस, वाळूचे पंधरा, वर वाळलं गवत. आईने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, सोड ते कुरण. कुणीही म्हणालं असतं. पण मी सोडलं नाही. सहा दिवस. त्या सहा दिवसांबद्दल मला लिहायला आवडत नाही, पण ते झाले. मी मनात म्हणत होते की डॅम्पर बरा झाल्यावर लागेल. डॅम्पर बरा झाला तरी जन्मात त्या कुरणात पाऊल टाकणार नाही हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं होतं. मला फक्त ते सास्कियाला मिळायला नको होतं. त्यासाठी मी पंचेचाळीस डॉलर मोजायला तयार होते, आणि मासे तळून तळून माझ्या हाताला फोड आले होते.

सास्किया रोज सकाळी यायची. पहिले तीन दिवस बर्फाला, मग गवत भिजवायला. डॅम्परचं घमेलं एका बाजूने ती धरायची, दुसऱ्या बाजूने मी. कुरणाबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती. मी वाट बघत होते. तिने मागितलं असतं तर मी नाही म्हणाले असते, उत्तरही तयार होतं, मुद्द्यांसकट. पण ती मागतच नव्हती.

शनिवारी दुकानात जायच्या आधी मी टेकडीवर गेले. का गेले कोण जाणे. विंडसर दगडांमध्ये उभा होता. त्याच्या बरगड्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या. जवळून, एकेक. तो दगडाखालून ओठांनी काहीतरी ओढत होता आणि ते गवत नव्हतं, मूळ होतं. सास्किया भारा फोडत होती. तिचे बूट, मी नीट बघितलं, घाण होते.

"किती भारे लागतात?" मी विचारलं.

"आठवड्याला चार. तरी पुरत नाही. हिरवं पाहिजे त्याला."

"मग मागत का नाहीस?"

"काय?"

"कुरण! माझं रिकामं पडलंय, तुला दिसत नाही? आंधळी आहेस?"

"दिसतंय की," ती म्हणाली. "रोज दिसतंय. पण तू डॅम्परशेजारी बसून रडत असताना मी काय म्हणायचं होतं? 'टॅम, तुझं तट्टू आडवं झालंय, गवत देतेस का?'"

"मी रडत नव्हते."

"बरं."

"थोडी रडत होते."

ती भाऱ्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिली. मी खाली बघितलं. वरून ते कुरण नेहमीसारखंच दिसत होतं, म्हणजे जगातलं सगळ्यात सुंदर. दहा-बारा कांगारू मजेत चरत होते.

"घेऊन टाक," मी म्हणाले. बोलताना जणू बोट धरून कुणी मागे ओढत होतं. "भाडं तू भरायचंस. पूर्ण."

"म्हणजे काय, मीच भरणार." मग बोटाची सुतळी सोडवत, "नक्की ना?"

"पुन्हा विचारू नकोस. विचारलंस तर नाही म्हणेन."

तिने पुन्हा विचारलं नाही. मर्व्हनी फळ्यावरची नावं बदलली, दोघींना खाली सही करायला लावली आणि कसलंही कौतुक केलं नाही. डॉट म्हणाली, "बरं झालं, कांगारूंची फुकटची चैन बंद."

दुपारी सास्कियाने फाटक उघडलं. विंडसर आत शिरला, एक मोठी गोल फेरी पळाला, शेपटी वर करून, आणि मग नदीच्या कडेला त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आवारातून ते सगळं नीट दिसतं. मी डॅम्परला भिजवलेलं गवत मूठमूठ भरवत होते. तो आता चार पावलं न लंगडता टाकतो. पाचव्याला थांबतो. डॉक्टर म्हणतात, पाचव्याचीही घाई नको.

त्याने घास तोंडात तसाच धरून मान वळवली आणि नदीकडे बघायला लागला. कान पुढे, नाकपुड्या फुललेल्या.

"बघू नकोस," मी त्याला म्हणाले. "मीपण नाही बघत."

आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून बघत राहिलो.